पपेट मास्टर (चित्रपट मालिका)

पपेट मास्टर ही अमेरिकन भयपटांची मालिका आहे. आंद्रे तुलाँ हा बाहुलीकार प्राचीन इजिप्तमधील विद्येच्या साहाय्याने लाकडी बाहुल्यांना सजीव करतो, ही तिची मूळ कल्पना. निर्माते चार्ल्स बँड यांच्या फुल मून या संस्थेने १९८९मध्ये या मालिकेतील पहिला चित्रपट थेट व्हिडिओ कॅसेटच्या स्वरूपात प्रकाशित केला. त्यानंतर २०२२पर्यंत उत्तरभाग, पूर्वकथा, एक संयुक्त दूरचित्रवाणीपट, एक स्वतंत्र पुनर्निर्मिती आणि एकेका बाहुलीवर बेतलेले उपचित्रपट असे सर्व मिळून १५ चित्रपट तयार झाले. अल्प खर्चात काढलेल्या आणि चित्रपटगृहांऐवजी घरगुती प्रेक्षकांसाठी बनवलेल्या भयपट मालिकांमध्ये ही सर्वांत दीर्घकाळ चाललेल्या मालिकांपैकी एक आहे. ब्लेड, पिनहेड, जेस्टर, टनलर, लीच वुमन, टॉर्च आणि सिक्स-शूटर या बाहुल्या तिच्यातील मानवी पात्रांपेक्षा अधिक परिचित आहेत. मालिकेतील कलाकार, दिग्दर्शक आणि कथानके बदलत गेली, बाहुल्या मात्र बहुतांशी त्याच राहिल्या.

पार्श्वभूमी

निर्जीव बाहुली जिवंत होते ही भीती चित्रपटसृष्टीला नवी नव्हती. १९४५च्या 'डेड ऑफ नाइट' या ब्रिटिश चित्रपटातील एका कथेत शब्दभ्रमकाराची बाहुली आपल्या धन्यावरच ताबा मिळवते. १९७५च्या 'ट्रिलॉजी ऑफ टेरर' या दूरचित्रवाणीपटात भाला घेतलेली एक लहानशी लाकडी मूर्ती एका स्त्रीचा तिच्याच घरात पाठलाग करते, तर १९७८च्या 'मॅजिक'मध्ये बाहुली खरोखर बोलते की बाहुलीकाराचे मन बोलते याचा निर्णय प्रेक्षकांवर सोडलेला आहे. नोव्हेंबर १९८८मध्ये प्रदर्शित झालेल्या 'चाइल्ड्स प्ले' या चित्रपटाने हा विषय मोठ्या प्रेक्षकवर्गापर्यंत नेला.

चार्ल्स बँड यांना या विषयाची आवड त्यापूर्वीपासून होती. त्यांनी निर्मिलेल्या 'टूरिस्ट ट्रॅप' (१९७९) या चित्रपटात दुकानातील पुतळे जिवंत भासतात. त्याचे दिग्दर्शक डेव्हिड श्मोलर हेच पुढे 'पपेट मास्टर'चे दिग्दर्शक झाले. १९८०च्या दशकात बँड यांची एम्पायर पिक्चर्स ही संस्था अल्प खर्चाचे भयपट आणि विज्ञानपट काढत असे. तिच्या 'डॉल्स' (१९८७) या स्टुअर्ट गॉर्डन दिग्दर्शित चित्रपटात एका वृद्ध दांपत्याच्या घरातील बाहुल्या रात्री पाहुण्यांचा जीव घेतात. त्यातील वृद्ध बाहुलीकाराची भूमिका गाय रॉल्फ यांनी केली होती आणि बाहुल्यांच्या हालचाली डेव्हिड ॲलन यांनी साकारल्या होत्या. ही दोन्ही नावे पुढे 'पपेट मास्टर'शी कायमची जोडली गेली.

एम्पायरने रोमजवळील एक मोठा स्टुडिओही विकत घेतला होता. दशकाच्या अखेरीस ही संस्था कर्जात बुडाली. बँड यांनी लगेच फुल मून ही नवी संस्था उभी केली आणि आपले चित्रपट व्हिडिओ कॅसेटवर वितरित करण्यासाठी पॅरामाउंट कंपनीशी करार केला. 'पपेट मास्टर' हे या संस्थेचे पहिले प्रकाशन. प्रारंभी तो चित्रपटगृहांत प्रदर्शित करण्याचा विचार होता, परंतु अखेरीस तो १२ ऑक्टोबर १९८९ रोजी थेट कॅसेटवर आला.

या निर्णयामागे साधा हिशेब होता. चित्रपटगृहांतील प्रदर्शनासाठी प्रती काढणे आणि जाहिरात करणे यावरच छोट्या चित्रपटाच्या निर्मितीखर्चापेक्षा अधिक रक्कम लागे. त्याच काळात अमेरिकेतील गावोगावच्या व्हिडिओ लायब्रऱ्यांना नव्या कॅसेटची सतत गरज होती. लायब्ररीच्या फळीवर गिऱ्हाईक आवरणावरचे चित्र पाहून कॅसेट उचलत असे; चित्रपटात नामांकित नट असण्याची आवश्यकता नव्हती. पांढऱ्या चेहऱ्याची, एका हाताला सुरी आणि दुसऱ्या हाताला आकडा असलेली बाहुली आवरणावर छापली की निम्मे काम होत असे. शिवाय एक भाग चालला की दुसऱ्या भागाची ओळख करून द्यावी लागत नसे. उत्तरभाग ही अशा संस्थेची चैन नव्हती, तोच तिच्या उत्पन्नाचा आधार होता. फुल मूनने कॅसेटच्या शेवटी 'व्हिडिओझोन' नावाचा निर्मितीविषयक कार्यक्रम जोडण्याची प्रथा सुरू केली. त्यात कलाकार, बाहुल्या बनवणारे कारागीर आणि स्वतः बँड प्रेक्षकांशी बोलत व आगामी चित्रपटांची माहिती देत. भयपटांच्या अनेक चाहत्यांना चित्रीकरणामागील कामाची पहिली ओळख या कार्यक्रमातून झाली.

पहिला चित्रपट

चित्रपटाचा प्रारंभ १९३९मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील बोडेगा बे इन या हॉटेलात होतो. वृद्ध बाहुलीकार तुलाँ (विल्यम हिकी) आपल्या खोलीत नवी बाहुली रंगवत बसला आहे. नाझी हेर त्याच्या शोधात हॉटेलात पोहोचतात. ते दाराशी येईपर्यंत तो सजीव बाहुल्या एका पेटीत ठेवून भिंतीच्या फळीमागे लपवतो आणि स्वतःवर गोळी झाडून घेतो. या प्रवेशातील बराच भाग कॅमेरा जमिनीलगत धावत असताना, म्हणजे एका बाहुलीच्या नजरेतून दिसतो. दारांच्या फटी, खुर्च्यांचे पाय आणि माणसांच्या पोटऱ्या यांतून वाट काढणारी ही नजर पुढील सर्व चित्रपटांनी उचलली.

पुढील कथा चित्रपटनिर्मितीच्या काळात घडते. अतींद्रिय शक्ती असलेल्या चौघांना त्यांचा जुना सहकारी नील गॅलाघर याच्याविषयी अशुभ स्वप्ने व दृष्टांत होतात आणि ते त्याच हॉटेलात येतात. नीलने आत्महत्या केल्याचे त्यांना समजते. नंतर एकेकाचा बळी जाऊ लागतो. तुलाँचे रहस्य हस्तगत करून नील मृत्यूनंतर परत आला आहे आणि बाहुल्या त्याच्या आज्ञेने खून करीत आहेत, हे अखेरीस उघड होते. नील एका बाहुलीला क्रूरपणे वागवतो तेव्हा इतर बाहुल्या त्याच्यावर उलटतात. बाहुलीला धन्याची आज्ञा मोडता येते आणि अपमानाची जाणीवही असते, हा या मालिकेतील महत्त्वाचा धागा येथेच प्रथम दिसतो.

मूळ कथा चार्ल्स बँड व केनेथ जे. हॉल यांची होती. पटकथेवर जोसेफ जी. कोलोडी हे नाव आहे. ते श्मोलर यांचे टोपणनाव असून पिनोकिओचा जनक कार्लो कोलोडी याच्या नावावरून ते घेतलेले आहे. छायाचित्रण इटालियन छायालेखक सर्जिओ साल्वाती यांचे, तर संगीत निर्मात्याचे बंधू रिचर्ड बँड यांचे आहे. सर्कशीतील वाद्यवृंदाची आठवण करून देणारी आणि तरीही खिन्न वाटणारी त्यांची शीर्षकधून मालिकेची ओळख ठरली.

बाहुल्या आणि त्यांच्या हालचाली

मालिकेतील बाहुल्या बोलत नाहीत. 'चाइल्ड्स प्ले'मधील चकी शिव्या देतो, विनोद करतो, धमक्या देतो; येथे मात्र गुरगुरणे आणि हसणे एवढाच आवाज ऐकू येतो. त्यामुळे प्रत्येक बाहुलीचा स्वभाव तिच्या शस्त्रावरून आणि देहाच्या ठेवणीवरून ओळखावा लागतो.

ब्लेडचा चेहरा हाडकुळा व पांढरा असून त्याच्या अंगावर काळा कोट आणि काळी टोपी असते. त्याचा चेहरा जर्मन अभिनेते क्लाउस किन्स्की यांच्यावर बेतल्याचे श्मोलर यांनी सांगितले आहे. 'क्रॉलस्पेस' (१९८६) या चित्रपटात श्मोलर यांना किन्स्कींसोबत काम करावे लागले होते. तो अनुभव इतका तापदायक होता की पुढे त्यावर त्यांनी एक लघुपटच काढला. पिनहेडचे डोके सुपारीएवढे आणि धड व हात दांडग्या मजुराचे आहेत. त्याचे हात जवळून दाखवताना खऱ्या माणसाचे हात वापरले जात. टनलरच्या डोक्यावर भोके पाडण्याचे गिरमिट बसवलेले आहे. जेस्टर हा विदूषक असून त्याचा चेहरा आडव्या तीन भागांत विभागलेला आहे. ते भाग फिरले की मुद्रा बदलते. लीच वुमन तोंडातून जळवा काढून बळीच्या अंगावर सोडते. दुसऱ्या भागात आलेल्या टॉर्चच्या हाताला आग फेकणारी नळी आहे, तर तिसऱ्या भागातील सिक्स-शूटर हा सहा हातांचा काउबॉय सहाही हातांनी पिस्तुले चालवतो.

या हालचालींसाठी एकच तंत्र वापरलेले नाही. जवळच्या दृश्यांत हाताने किंवा खालून काठीने चालवलेल्या बाहुल्या असत. डोळे, जबडा आणि बोटे तारांनी हलवली जात. त्यासाठी देखाव्याची जमीन उंचावर बांधून तिच्याखाली बाहुलीचालकांना बसावे लागे. पूर्ण देहाने चालणारी किंवा भिंत चढणारी बाहुली दाखवायची असेल तेव्हा स्टॉप-मोशनचा आधार घेतला जाई. या पद्धतीत बाहुलीची स्थिती किंचित बदलून प्रत्येक वेळी एकच चौकट टिपतात. पडद्यावरील एका सेकंदासाठी २४ चौकटी लागतात, म्हणून काही सेकंदांच्या दृश्यासाठीही दिवस खर्ची पडतात. हे काम डेव्हिड ॲलन आणि त्यांचे सहकारी करीत. ॲलन हे या क्षेत्रातील मान्यवर कारागीर होते. 'यंग शेरलॉक होम्स' (१९८५) या चित्रपटातील दृश्य परिणामांसाठी त्यांच्यासह चौघांना ऑस्करचे नामांकन मिळाले होते. अल्प खर्चाच्या चित्रपटात असे वेळखाऊ काम परवडणे अवघड असते. त्यामुळे पहिल्या पाच चित्रपटांत स्टॉप-मोशनची दृश्ये मोजकी असली, तरी ती लक्षात राहतात. तिसऱ्या भागात सिक्स-शूटर आपले हात कोळ्याच्या पायांप्रमाणे टाकत चढतो, ते दृश्य या तंत्राचा मालिकेतील उत्तम नमुना आहे.

उत्तरभाग

'पपेट मास्टर २' (१९९०) या चित्रपटाचे दिग्दर्शन ॲलन यांनीच केले. बाहुल्या तुलाँचे थडगे उकरून त्याला पुन्हा जिवंत करतात, कारण त्यांना चेतना देणारे द्रव्य संपत आले आहे आणि ते बनवण्यासाठी मानवी मेंदूतील ऊतींची गरज आहे. पट्ट्यांनी चेहरा झाकलेला हा तुलाँ प्रेमळ बाहुलीकार उरलेला नाही. हॉटेलात संशोधनासाठी आलेल्या एका तरुणीत त्याला आपली मृत पत्नी एल्सा दिसू लागते. धनी स्वार्थासाठी आपला उपयोग करून घेत आहे हे कळताच बाहुल्या पुन्हा बंड करतात. याच भागात लीच वुमन आगीत नष्ट होते.

'पपेट मास्टर ३ : तुलाँज रिव्हेंज' (१९९१) या भागाने मालिकेची दिशा बदलली. सी. कोर्टनी जॉयनर यांची पटकथा आणि डेव्हिड डीकोटो यांचे दिग्दर्शन असलेली ही पूर्वकथा १९४१च्या बर्लिनमध्ये घडते. तुलाँ आपल्या छोट्या रंगमंचावर हिटलरची टवाळी करणारा बाहुल्यांचा खेळ करतो. मृत सैनिकांना उठवून युद्धात ढाल म्हणून वापरण्याचा बेत आखणाऱ्या नाझी अधिकाऱ्यांना त्याच्या विद्येचा सुगावा लागतो. गेस्टापोच्या कारवाईत एल्सा मारली जाते. तुलाँ तिचा आत्मा एका बाहुलीत उतरवतो आणि तीच लीच वुमन होते. पिनहेड, जेस्टर आणि टनलर यांच्यात नाझींनी ठार केलेल्या त्याच्या मित्रांचे आत्मे आहेत, असेही येथे स्पष्ट होते. ब्लेडची जडणघडण सर्वांत चमत्कारिक आहे. त्याचे रूप खलनायक मेजर क्राउसचे, तर त्याच्यात वसणारा आत्मा डॉ. हेस या सद्सद्विवेक जागा असलेल्या जर्मन वैज्ञानिकाचा.

गाय रॉल्फ या भागात प्रथमच तुलाँच्या भूमिकेत दिसले. सडपातळ बांधा, खोल आवाज आणि थकलेली सभ्यता यांमुळे त्यांचा तुलाँ सूडाने पेटलेला असूनही करुण वाटतो. मेजर क्राउसच्या भूमिकेत रिचर्ड लिंच, तर एल्साच्या भूमिकेत सारा डग्लस आहेत. पहिल्या दोन भागांत ज्या बाहुल्या निरपराध पाहुण्यांचे खून करीत होत्या, त्यांच्याकडे प्रेक्षक या भागानंतर सहानुभूतीने पाहू लागले. मालिकेचे अनेक चाहते याच भागाला सर्वोत्तम मानतात. छोट्या खर्चात बर्लिनचा आभास निर्माण करताना चित्रपटाची ओढाताण झालेली दिसते, पण त्यातील दुःख खोटे वाटत नाही.

चौथा (१९९३) आणि पाचवा (१९९४) हे भाग जेफ बर यांनी सलग चित्रित केले. यांत रिक मायर्स (गॉर्डन करी) हा कृत्रिम बुद्धिमत्तेवर संशोधन करणारा तरुण तुलाँचा वारस ठरतो आणि सूतेख या इजिप्शियन दैत्याने पाठवलेल्या छोट्या राक्षसांशी बाहुल्या लढतात. खुनी बाहुल्या आता रक्षक झाल्या होत्या. डीकॅपिट्रॉन ही डोके बदलू शकणारी बाहुली याच काळातली. पाचव्या भागाच्या नावात 'अंतिम अध्याय' असे शब्द होते, पण ते खरे ठरले नाहीत.

जुन्या दृश्यांचा पुनर्वापर

१९९०च्या दशकाच्या मध्यास पॅरामाउंटशी असलेला करार संपला आणि फुल मूनचे अंदाजपत्रक आणखी आकसले. याचा परिणाम 'कर्स ऑफ द पपेट मास्टर' (१९९८) या भागात उघड दिसतो. गावोगावी आश्चर्यकारक वस्तूंचे प्रदर्शन भरवणारा डॉ. मॅग्रू एका गरीब, अबोल पण कुशल लाकूडकाम करणाऱ्या तरुणाला आश्रय देतो आणि त्याचेच रूपांतर बाहुलीत करण्याचा घाट घालतो, अशी कथा आहे. बाहुल्यांच्या हालचालींची अनेक दृश्ये मात्र पूर्वीच्या चित्रपटांतून उचललेली आहेत. नव्याने टिपलेल्या दृश्यांत बाहुल्या जवळजवळ स्थिर असतात आणि मध्येच जुन्या दृश्यात त्या चपळाईने धावतात. प्रकाश आणि पार्श्वभूमी जुळत नसल्याने हा जोड सहज लक्षात येतो. डीकोटो यांनी या चित्रपटावर आपले नाव न देता 'व्हिक्टोरिया स्लोन' हे टोपणनाव लावले.

'रेट्रो पपेट मास्टर' (१९९९) रुमानियात चित्रित झाला. १९०२च्या पॅरिसमध्ये तरुण तुलाँला अफझेल नावाच्या वृद्ध इजिप्शियनाकडून विद्या मिळते, असे त्यात दाखवले आहे. तरुण तुलाँची भूमिका ग्रेग सेस्टेरो यांनी केली. पुढे 'द रूम' या कुप्रसिद्ध चित्रपटामुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. रक्तपात जवळपास वगळलेला हा भाग बालप्रेक्षकांना डोळ्यांपुढे ठेवून केलेला वाटतो. गाय रॉल्फ यांची ही अखेरची भूमिका. २००३मध्ये त्यांचे निधन झाले.

'पपेट मास्टर : द लेगसी' (२००३) हा पुनर्वापराचा कळस होता. तिसऱ्या भागातील पीटर हर्ट्झ हा मुलगा आता वृद्ध झाला आहे आणि एक सशस्त्र स्त्री त्याला तुलाँचे रहस्य विचारते. त्यांच्या संवादांच्या निमित्ताने मागील सात चित्रपटांतील प्रसंग एकामागोमाग दाखवले जातात. नवे चित्रण फारच थोडे आहे. बँड यांनीच 'रॉबर्ट टॅल्बट' या नावाने त्याचे दिग्दर्शन केले. तरीही शेवटी एक गंभीर प्रश्न पुढे येतो. लाकडात अडकून पडलेल्या आत्म्यांना हे अमरत्व नको असून त्यांना सुटका हवी आहे, असे त्यात सूचित होते. जुन्याच दृश्यांत पुन्हा पुन्हा वावरणाऱ्या बाहुल्यांच्या चित्रपटात हा प्रश्न यावा, हा योगायोग असेल. पण तो नेमका आहे.

'पपेट मास्टर व्हर्सेस डिमॉनिक टॉइज' (२००४) हा दूरचित्रवाणीपट साय-फाय या अमेरिकन वाहिनीसाठी टेड निकोलाऊ यांनी दिग्दर्शित केला. त्यात फुल मूनच्याच 'डिमॉनिक टॉइज' (१९९२) मधील सैतानी खेळणी बाहुल्यांसमोर उभी राहतात. मुख्य भूमिकेत कोरी फेल्डमन होते. हा चित्रपट मुख्य कथासूत्रात धरला जात नाही.

ॲक्सिस त्रयी

काही वर्षांच्या खंडानंतर 'ॲक्सिस ऑफ ईव्हिल' (२०१०) या भागाने दुसऱ्या महायुद्धाचा विषय पुन्हा हाती घेतला. चीनमध्ये चित्रित झालेल्या या चित्रपटाचे दिग्दर्शन डीकोटो यांनी केले. पहिल्या चित्रपटातील तुलाँच्या आत्महत्येचा प्रसंग येथे डॅनी कूगन या तरुण कामगाराच्या दृष्टीने दिसतो. अधू पायामुळे सैन्यात जाऊ न शकणारा डॅनी बाहुल्या ताब्यात घेतो आणि अमेरिकेत घातपात करू पाहणाऱ्या जर्मन व जपानी हेरांशी लढतो. बँड यांनी दिग्दर्शित केलेले 'ॲक्सिस रायझिंग' (२०१२) आणि 'ॲक्सिस टर्मिनेशन' (२०१७) हे पुढील दोन भाग याच सूत्राचे. 'ॲक्सिस रायझिंग'मध्ये नाझींच्या बाजूने लढणाऱ्या बाहुल्याही अवतरतात. त्यांपैकी जपानी वैमानिकाच्या रूपातील बाहुली वांशिक व्यंगचित्राच्या पातळीवर उतरते आणि आजच्या प्रेक्षकाला खटकते. 'ॲक्सिस टर्मिनेशन'साठी चाहत्यांकडून लोकवर्गणी गोळा करण्यात आली आणि तो प्रथम संस्थेच्या स्वतःच्या ऑनलाइन सेवेवर तीन तुकड्यांत दाखवला गेला. व्हिडिओ लायब्रऱ्या बंद पडल्यावर अशा संस्थेला प्रेक्षकाकडे थेट हात पसरावा लागतो, याचे हे उदाहरण आहे.

स्वतंत्र पुनर्निर्मिती आणि उपचित्रपट

'पपेट मास्टर : द लिटलेस्ट राइक' (२०१८) हा मूळ मालिकेशी समांतर असा वेगळा प्रवाह आहे. 'बोन टॉमाहॉक'चे लेखक-दिग्दर्शक एस. क्रेग झाहलर यांनी त्याची पटकथा लिहिली. सॉनी लागुना आणि टॉमी विकलुंड या स्वीडिश जोडीने दिग्दर्शन केले. उडो कियर यांनी रंगवलेला येथील तुलाँ नाझींचा बळी नसून स्वतःच नाझी आहे. त्याच्या मृत्यूला तीस वर्षे झाल्यानिमित्त भरलेल्या मेळाव्यात संग्राहकांनी लिलावासाठी आणलेल्या बाहुल्या जाग्या होतात आणि ज्यू, समलिंगी व अन्य अल्पसंख्याक पाहुण्यांना वेचून मारतात. थॉमस लेनन यांची प्रमुख भूमिका असलेल्या या चित्रपटात पहिल्या भागात क्षणभर दिसलेल्या बार्बरा क्रॅम्प्टनही आहेत.

या उलटफेरावर मतभेद झाले. काही समीक्षकांना त्यातील निर्घृण विनोद धाडसी वाटला. तर द्वेषातून घडणाऱ्या हत्यांना करमणुकीचे रूप दिले जात आहे, असा आक्षेप इतरांनी घेतला. जुन्या चाहत्यांचा आक्षेप आणखी वेगळा होता. १९९१पासून बाहुल्यांच्या पोटात नाझींनी मारलेल्यांचे आत्मे होते. येथे त्याच बाहुल्या मारेकऱ्यांच्या हस्तक झाल्या. मूळ मालिकेचे हक्क बँड यांच्याकडेच राहिल्याने दोन्ही प्रवाह स्वतंत्रपणे अस्तित्वात आहेत. मुख्य प्रवाहात 'ब्लेड : द आयर्न क्रॉस' (२०२०) आणि 'डॉक्टर डेथ' (२०२२) हे उपचित्रपट त्यानंतर आले.

कालक्रमातील विसंगती

मालिकेचा कालक्रम सुसंगत नाही. पहिल्या भागात तुलाँ १९३९मध्ये कॅलिफोर्नियात मरतो, तर तिसऱ्या भागात तो १९४१मध्ये बर्लिनमध्ये जिवंत आहे. दुसऱ्या भागानुसार त्याला ही विद्या १९१२च्या सुमारास कैरोत मिळाली, 'रेट्रो'नुसार १९०२मध्ये पॅरिसमध्ये. दुसऱ्या भागाच्या शेवटी बाहुल्या एका नव्या मालकिणीसोबत निघून जातात, पण चौथ्या भागात त्या काहीही न घडल्याप्रमाणे बोडेगा बे इनमध्येच सापडतात. त्यांना सजीव करणारी शक्ती कुठे मंत्र आहे, कुठे हिरवे द्रव्य, तर कुठे मृताचा आत्मा. चाहत्यांनी या विसंगतींची स्पष्टीकरणे रचली असली, तरी त्यांचे खरे कारण निर्मितीच्या पद्धतीत आहे. हे भाग वेगवेगळ्या लेखकांनी, घाईत आणि उपलब्ध स्थळ व पैसा यांना अनुसरून लिहिले. लोककथेत जसे एकाच वीराचे अनेक जन्मवृत्तांत नांदतात, तसे काहीसे येथे झाले आहे.

प्रभाव

पहिल्या चित्रपटाच्या यशानंतर फुल मूनने लहान आकाराच्या मारेकऱ्यांवर अनेक चित्रपट काढले. 'डिमॉनिक टॉइज'ची पटकथा लिहिणारे डेव्हिड एस. गॉयर पुढे बॅटमॅनवरील मोठ्या चित्रपटांचे लेखक म्हणून प्रसिद्ध झाले. बाहुल्यांच्या प्रतिकृती आणि खेळणी यांची विक्री हे संस्थेचे उत्पन्नाचे महत्त्वाचे साधन बनले. मालिकेवर चित्रकथाही निघाल्या. बँड यांनी २०२१मध्ये प्रकाशित झालेल्या आत्मचरित्रालाही 'कन्फेशन्स ऑफ अ पपेटमास्टर' असेच नाव दिले.

मराठी प्रेक्षकांना सजीव बाहुलीचा विषय परिचित आहे तो महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला' (१९९३) या चित्रपटामुळे. मात्र त्याचे नाते 'पपेट मास्टर'शी नसून 'चाइल्ड्स प्ले'शी आहे. मरणाऱ्या गुन्हेगाराचा आत्मा बाहुलीत शिरतो ही कल्पना त्यात तेथून घेतलेली आहे. तरीही तात्या विंचू ही दुकानातील खेळणे नसून शब्दभ्रमकाराची बोलकी बाहुली आहे. ती रामदास पाध्ये यांनी घडवली. त्यामुळे तिच्यामागे यशवंत पाध्ये यांच्यापासून चालत आलेली बोलक्या बाहुल्यांची मराठी परंपरा उभी आहे. त्या चित्रपटाचा उत्तरभाग 'झपाटलेला २' २०१३मध्ये त्रिमितीय स्वरूपात आला. तात्या विंचूची दहशत त्याच्या बोलण्यात आहे, तर तुलाँच्या बाहुल्यांची त्यांच्या मौनात.

बाहुल्यांना चालना देणारे डेव्हिड ॲलन १९९९मध्ये निवर्तले. 'द प्रायमीव्हल्स' हा त्यांचा महत्त्वाकांक्षी स्टॉप-मोशन चित्रपट १९९०च्या दशकात फुल मूनसाठी चित्रित होऊनही अपुरा राहिला होता. त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पूर्ण केला आणि २०२३मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर २४ वर्षांनी, तो पडद्यावर आला.